चाळीस अंश कमी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — एकदा सांगितलं, गेल्या महिन्यात, एका घरात. समोर एकच बाई बसली होती. पण ते सांगणं म्हणावं का, मला कळत नाही. जिचं होतं तिच्यापुढे तिचं नेऊन ठेवलं, एवढंच. बाकी कुणाला ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, ज्या सरांच्या हाताखाली मी शिकले त्यांनाही नाही. बावीस वर्षं झाली.

मोठं काहीतरी असेल अशा अपेक्षेनं वाचू नका. त्यात आरडाओरडा नाही, पोलीस नाहीत. एका सोमवारी मला कंटाळा आला होता — सुरुवात तिथून आहे. इतकी लहान.

आधी माझं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी तापमानं मोजते. माणसाचा ताप नव्हे आणि पुण्याचा उन्हाळाही नव्हे — दगड वितळतात तिथली. भट्टीच्या आतल्या विटा ज्या जातीच्या पदार्थांच्या असतात, ते दोन हजार अंशांच्या आसपास पातळ होऊन वाहू लागतात. वितळल्यावर ते किती दाट आहेत, किती जड आहेत, हे मोजायचं. आता असा पदार्थ ठेवायचा कशात? कुठलंही भांडं घेतलं तरी ते स्वतः वितळतं, नाहीतर आतल्या मालात मिसळतं. म्हणून आम्ही भांडंच वापरत नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा मणी खालून येणाऱ्या वायूच्या झोतावर तरंगत ठेवायचा आणि वरून लेसर सोडायचा. मणी वितळतो, त्याचा थेंब होतो, पांढरा लखलखीत, अधांतरी. मग आवाजाच्या लहरींनी त्या थेंबाला थरथरवायचं, आवाज एकदम बंद करायचा आणि थरथर किती वेळात थांबते ते वेगवान कॅमेऱ्यानं टिपायचं. दाट थेंब लगेच शांत होतो. पातळ थेंब रेंगाळतो.

तापमान मात्र हात लावून मोजता येत नाही. थेंबाचा उजेड एका काचेच्या खिडकीतून बाहेर येतो आणि बाहेर बसवलेला पायरोमीटर त्या उजेडावरून तापमान सांगतो. काच थोडा उजेड खाते, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. किती कमी, ते आधी शोधून तेवढे अंश मिळवायचे असतात. त्यासाठी दर सोमवारी शुद्ध अॅल्युमिनाचा एक मणी वितळवायचा. तो किती अंशांवर गोठतो ते साऱ्या जगाला माहीत आहे. लेसर बंद केला की तापमान भराभर उतरतं आणि गोठताना क्षणभर उसळी मारून वर येतं. ती उसळी पडद्यावर कुठे दिसते ते पाहायचं, खऱ्या आकड्याशी ताडायचं आणि फरक रजिस्टरमध्ये लिहून खाली सही करायची. अर्ध्या दिवसाचं काम. हे काम माझं होतं.

प्रयोगशाळेचं नाव लिहीत नाही. पीएचडी करणाऱ्या आम्ही दोघी होतो — मी आणि नसरीन बागवान. मी एक वर्षानं पुढे. नसरीन कसबा पेठेतली, वडिलांचा मार्केट यार्डात गाळा. घरात मोठी, आणि घरातली पहिलीच एवढं शिकलेली. उंचीनं लहान, बोलायला कमी, आणि हात — तिचे हात काय सांगू? चिमट्यानं मणी उचलून झोतावर सोडायची तर पहिल्या प्रयत्नात तरंगायचा. माझे तीन-चार तर घरंगळायचेच. मणी ज्यापासून बनवायचा त्या भुकटीचं वजन करताना ती श्वास रोखायची. आम्ही एका टेबलावर डबा खायचो. माझ्या डब्यातलं भरलं वांगं तिला आवडायचं. तिच्याकडची पातळ रोटी मला.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत वर्कशॉपवाल्यांनी यंत्राच्या खिडकीची काच बदलली. जुनीला चरा पडला होता. वर्कशॉपचे काका जुन्या पेठेतले, फळ्यावर लिहून गेले होते — “काच बदलली आहे. वाचून विसरू नये.” मी वाचलं. हसलेसुद्धा.

सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी मणी वितळवायला हवा होता. नव्या काचेसाठी तर हवाच होता. आणि मला कंटाळा आला. मी आजारी नव्हते. घरी काही अडचण नव्हती. फराळ अंगावर आला होता, लेसरचा पंप गरम व्हायला तास लागतो, आणि मला वाटलं — काच ती काच, असा काय फरक पडणार? सुट्टीआधीचा आकडा रजिस्टरमध्ये उतरवला. सही केली. खाली जाऊन चहा प्यायले.

दुसऱ्या सोमवारी खरा मणी वितळवला असता आणि फरक वेगळा आला असता, तर आदल्या सोमवारचं खोटं उघड झालं असतं. म्हणून दुसऱ्याही सोमवारी तेच केलं. तिसऱ्याही. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ‘कंटाळा’ हा शब्द फार मऊ आहे — दुसऱ्या आणि तिसऱ्या सोमवारी मी दशांशातला आकडा जरासा बदलला. खऱ्या चाचणीत आकडा कधी तंतोतंत सारखा येत नाही ना? तसं दिसावं म्हणून. कंटाळलेलं माणूस एवढी काळजी घेतं का?

त्याच तीन आठवड्यांत नसरीननं तिचे प्रयोग केले. एका कारखान्याला भट्टीच्या अस्तरासाठी एक मिश्रण हवं होतं, त्याची दाटी मोजायची होती. रमजान चालू होता. ती पहाटे काहीतरी खाऊन यायची आणि दिवसभर पाण्याचा घोटही न घेता यंत्रापाशी बसायची. वेगवेगळ्या तापमानांना सतरा नोंदी घेतल्या तिनं. तिचं मिश्रण गोठताना उसळी मारत नसे, काचेसारखं हळूहळू घट्ट होत जायचं. म्हणून यंत्र चुकीचं बोलतंय हे तिला कळायला मार्गच नव्हता. ती रजिस्टर बघायची. रजिस्टरमध्ये माझी सही होती.

आकडे जुळेनात. उन्हाळ्यात तिनंच घेतलेल्या काही नोंदी होत्या, त्यांच्याशी जुळेनात. बाहेरच्या लोकांनी छापलेल्यांशीही नाही. थेंब असायला हवा त्याहून पातळ दिसत होता. सगळीकडे, एकाच बाजूला. आज कुणी मला असा आलेख दाखवला तर मी पहिल्यांदा काय विचारेन? तापमान. तेव्हा सरांनीही पहिल्यांदा तेच विचारलं.

कारखान्याची माणसं यायच्या आदल्या दिवशी सरांच्या खोलीत बैठक झाली. आम्ही सहा-सात जण होतो. सरांनी रजिस्टर मागवलं, पानं उलटली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“मेधा, मण्याची चाचणी तिन्ही सोमवारी झाली होती ना?”

नसरीन माझ्या शेजारी बसली होती. तिच्या वहीवर पेन आडवं ठेवलेलं होतं. मी म्हणाले, “हो सर.”

एवढंच. मला वाटलं होतं आणखी काही विचारतील. विचारलं नाही. माझ्यावर विश्वास होता त्यांचा.

मग राहिली भुकटी. मिश्रणात एखादा घटक थोडा जास्त पडला तरी थेंब पातळ होतो. भुकटी नसरीननं वजन केली होती. उरलेला नमुना तपासायला बाहेर पाठवायचा तर अहवालाला दोन महिने, आणि कारखान्याची माणसं दुसऱ्या दिवशी दारात. सर वाईट नव्हते, हे मला सांगायला हवं. ते कुणावर ओरडत नसत. त्या दिवशीही ओरडले नाहीत. अगदी घरच्यासारखे म्हणाले, “नसरीन, रोजे चालू आहेत ना तुझे? उपाशी पोटी हात थरथरतो. त्यात गैर काही नाही. पण असं असताना वजनकाट्यावर बसू नये.”

खोलीतल्या माना हलल्या. मीही दर संकष्टीला उपाशी राहून तोच लेसर चालवत होते. मला कधी कुणी विचारलं नव्हतं. हे तेव्हा माझ्या मनात आलं का? आलं. आणि मी गप्प बसले.

नसरीननं वहीवरचं आडवं पेन सरळ केलं. मग म्हणाली, “असेल सर. एके दिवशी मला जरा गरगरल्यासारखं झालं होतं.”

तिनं स्वतःच कारण शोधून दिलं. कुणी मागितलं नव्हतं. आपल्याकडून चुकलंय असं सगळे म्हणतायत तर चुकलंच असणार — असं वाटणारी माणसं असतात. तिच्यासारखी, हात नीट असलेली, बहुतेक तशीच असतात.

त्या रविवारी मी एकटी प्रयोगशाळेत गेले. भर दुपारी. पहारेकऱ्याला सांगितलं, वही राहिलीय. पंप लावला, लेसर सुरू केला, अॅल्युमिनाचा मणी वितळवला आणि लेसर बंद केला. पडद्यावर आकडा उतरला, उसळी मारून वर आला आणि थांबला. जिथे थांबायला हवा होता त्याच्या खूप खाली. नवी काच जाड होती, जास्त उजेड खात होती. जुना फरक मिळवूनही यंत्र चाळीस अंश कमी दाखवत होतं. मी आणखी दोन मणी वितळवले. तेच.

नसरीनचा थेंब तिला वाटत होता त्याहून चाळीस अंश जास्त तापलेला होता. म्हणून पातळ. भुकटी बरोबर होती. वजन बरोबर होतं. हात थरथरला नव्हता.

घरी येऊन मी तिच्या सतरा नोंदी दुरुस्त केल्या. आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं एकेक ठिपका मांडत गेले. सतराच्या सतरा उन्हाळ्यातल्या रेषेवर बसले. मी इतके नीट बसलेले ठिपके तोवर स्वतःच्या कामात कधी पाहिले नव्हते. तो कागद मी फाडला आणि स्वयंपाकघरातल्या केराच्या डब्यात टाकला, कांद्याच्या सालींवर.

सोमवारी रजिस्टरमध्ये नवा, खरा फरक लिहिला. शेरा लिहिला — काचेवर या आठवड्यात वाफ बसल्यानं फरक वाढला असावा. सरांनी वाचलं आणि “बरं झालं, लक्षात आलं” म्हणाले. मी वेळेवर लक्ष दिल्याबद्दल कौतुक केलं माझं. ते कौतुक मी घेतलं.

पुढचं झटपट सांगते, कारण ते झटपटच झालं. नसरीनला काही दिवस यंत्रापासून लांब ठेवलं. ते काही दिवस संपलेच नाहीत. तिच्या शिष्यवृत्तीची मुदत वाढवायची वेळ आली तेव्हा सरांनी अहवालात एक ओळ लिहिली — प्रायोगिक कामात अधिक काळजीची गरज आहे. एक ओळ. फेब्रुवारीत ती प्रयोगशाळा सोडून गेली. काम अर्धं राहिलेलं, कारखाना वाट बघत होता. सरांनी ते मला दिलं. मी तीच भुकटी वापरली — तिचीच, तिनं वजन केलेली, बाटल्यांवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या — आणि बरोबर उत्तरं काढली. भुकटी बरोबर निघाली तर मग चुकलं काय होतं, हे कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं? काहीतरी दिलं असतंच. पेपर छापून आला. त्यावर माझं आणि सरांचं नाव. शेवटी आभारात नसरीन बागवान, नमुने तयार करण्यास मदत केल्याबद्दल. त्या पेपरवर मला पदवी मिळाली, पदवीवर नोकरी. आज त्याच प्रयोगशाळेत माझ्या खोलीच्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे.

या बावीस वर्षांत मला हे रोज टोचत होतं असं म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल कदाचित. तसं नव्हतं. महिनेच्या महिने आठवायचं नाही. लग्न झालं, मूल झालं, परिषदा झाल्या. मधूनच एखाद्या सोमवारी रजिस्टरवर सही करताना हात अडायचा — आणि मग पुढे जायचा.

गेल्या जूनमध्ये एम.एस्सी.च्या मुलांची निवड करायची होती, प्रोजेक्टसाठी. निवड समिती करते, मी त्यात नव्हते. आलेल्या यादीत एक नाव होतं, सना. पहिल्या दिवशी ती आली आणि तिच्यासोबत तिची आई आली, नुसती भेटायला. नसरीन. केस पांढरे झालेले, चष्मा, पण डोळे तेच. मला बघून इतकी खूश झाली की मला मान वर करवेना. आम्ही कॅन्टीनमध्ये चहा घेतला. ती हडपसरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. तिथून पुढे मांजरी गावात फ्लॅट घेतलाय. मागे अजून उसाची शेतं आहेत म्हणाली. नवरा बँकेत. मी विचारलं, भौतिकशास्त्र का नाही शिकवत? तर सहज म्हणाली, भौतिकशास्त्राला प्रॅक्टिकल घ्यावी लागतात, ती मी घेत नाही. मुलांसमोर काही चुकलं तर?

निघताना तिनं माझा हात धरला. सना पुढे गेली होती.

“मेधा, पोरगी हुशार आहे. पण हात माझ्यावर गेलाय गं तिचा. तेवढं लक्ष ठेव.”

मी म्हणाले, “ठेवते.”

पहिल्या वेळी मी पंचविशीत होते. घाबरले होते, अशी समजूत इतकी वर्षं घालत आले होते. आता? आता मला कुणाची भीती होती? दारावर पाटी माझी होती. आणि मी तितक्याच लगेच, तितक्याच सरळ आवाजात, पुन्हा एक शब्द बोलले.

सना काम करू लागली. मी पाहायची. प्रत्येक वजन ती तीनदा करायची. तीनदा करून शेजारच्या मुलाला बोलवायची — जरा बघतोस का, बरोबर आहे ना? वहीत प्रत्येक ओळीपुढे ‘तपासले’ आणि त्याखाली पुन्हा ‘तपासले’. मणी झोतावर सोडताना मात्र — पहिल्याच प्रयत्नात तरंगायचा. मी एकदा म्हटलं, सना, इतक्यांदा कशाला तपासतेस? ती हसली. म्हणाली, “मॅडम, सवय आहे. घरून निघताना आम्ही गॅसचं बटण तिघं जण बघतो. मम्मी म्हणते, आमच्या घरात हात कच्चे आहेत, म्हणून डोळे पक्के ठेवायचे.”

ती हे हसत सांगत होती. मी खोलीत जाऊन दार लावलं.

मला इतकी वर्षं वाटत होतं की मी नसरीनची पदवी घेतली. पदवीशिवायही माणसं जगतात, नीट जगतात, असं स्वतःला सांगता येत होतं. मी घेतलं होतं ते वेगळंच होतं. आणि ते आता तिच्या मुलीकडेही नव्हतं.

त्या रविवारी मी मांजरीला गेले. आधी फोन केला होता. नवरा आणि सना बाहेर गेले होते. नसरीन उत्तरपत्रिका तपासत बसली होती. मी सोबत तिच्या सतरा नोंदींची प्रत नेली होती, जुन्या फायलींतून काढलेली. ती पाणी आणायला उठत होती, मी म्हटलं, बस. आणि सांगितलं. जसं तुम्हाला सांगितलं तसंच — दिवाळीची सुट्टी, काच, तीन सोमवार, दशांश, बैठक, रविवार. माझं संपल्यावर तिनं एकच विचारलं.

“किती अंश?”

“चाळीस,” मी म्हणाले.

तिनं प्रत पुढे ओढली. जरा वेळ पाहिली. मग म्हणाली, “सगळीकडे चाळीस नसेल. खालच्या टोकाला कमी असेल.”

बरोबर होतं. खालच्या टोकाला पस्तीस होतं. बावीस वर्षं यंत्राला हात न लावलेली बाई मला माझी चूक दुरुस्त करून सांगत होती.

“तुझा पेपर आणलायस का?” तिनं विचारलं. आणला होता. मागितला नसता तर पिशवीतून काढला नसता. तिनं उत्तरपत्रिकांतल्या एका पुरवणीचा कोरा कागद घेतला, लाल पेन बाजूला ठेवून पेन्सिल घेतली आणि एकेक नोंद दुरुस्त करायला लागली. पहिली केली, माझ्या छापलेल्या आकड्याशेजारी मांडली. जुळली. दुसरी. तिसरी. मला वाटलं, चार-पाच करून थांबेल. थांबली नाही. बाहेर बिल्डिंगमधली मुलं क्रिकेट खेळत होती. तिनं एकदाही वर पाहिलं नाही. मध्ये एका ठिकाणी बेरीज चुकली की काय म्हणून थांबली, पुन्हा केली, बरोबरच होती. सतरा नोंदींना पाऊण तास लागला असेल. मी समोर बसून होते. ती रडेल, ओरडेल, हाकलून देईल — मी येताना रस्ताभर याचीच तयारी केली होती. ती फक्त गणित करत होती.

सतरावी जुळल्यावर तिनं पेन्सिल ठेवली. कागद घडी करून उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली ठेवला. म्हणाली, “सनाला मी सांगेन. तू नको सांगूस.”

मी मान हलवली. सरांना सांगते म्हणाले, पेपर छापणाऱ्यांना लिहिते म्हणाले, तुझं नाव — ती ऐकत नव्हती. खिडकीकडे बघत होती. मग माझ्याकडे वळली आणि अगदी शांतपणे, जणू एखादी तारीख पक्की करून घ्यावी तसं म्हणाली,

“त्या ईदला तू आमच्या घरी आली होतीस.”

हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. नसरीन बोलली नसती तर सांगितलंही नसतं. बैठक, रविवार, रजिस्टर — सगळं सांगायची तयारी करून मी मांजरीला गेले होते आणि हे तेवढं वगळून गेले होते. विसरले नव्हते.

गेले होते मी. रविवारच्या चाचणीला चारच दिवस झाले होते. मला सगळं माहीत होतं. नसरीननं बोलावलं होतं, दरवर्षीसारखं, आणि न जाण्याचं कारण काय देणार होते? कसबा पेठेतलं त्यांचं घर, वरचा मजला, लाकडी जिना. मी नवा ड्रेस घातला होता. तिच्या अम्मीनं मला आग्रहानं शीरखुर्मा वाढला, मी दोन वाट्या खाल्ल्या. नसरीन आत पाणी आणायला गेली तेव्हा अम्मी जवळ सरकल्या. प्रयोगशाळेतलं सगळं तिनं घरी सांगितलं होतं. हळू आवाजात म्हणाल्या, बेटा, तू मोठी आहेस तिच्याहून, तुझं ऐकते ती. तिला जरा समजावून सांग, मशीनपाशी ध्यान ठेवत जा म्हणावं. आमचं काही कळत नाही त्यातलं. मी म्हणाले, सांगते, खाला.

आणि सांगितलं. निघताना नसरीन मला खालपर्यंत सोडायला आली होती. जिना उतरता उतरता, तिच्या खांद्यावर हात ठेवून मी तिला म्हटलं — अम्मी म्हणतात ते बरोबर आहे, जरा सावकाश करत जा, घाई करू नकोस.

ती म्हणाली, “हो गं.”